इसबगोल घेऊनही पोट साफ होत नाही? या चुका टाळा

इसबगोलाचा डबा अनेक घरांत असतो, तरी ‘रोज घेतो, पण फरक पडत नाही’ ही तक्रार सुटत नाही. बहुतेक वेळा चूक पाण्यात असते.

इसबगोल म्हणजे बीवरचं पातळ साल. ते पाणी शोषून फुगतं आणि त्याचा बुळबुळीत गर होतो. हा गर आतड्यात फारसा पचत नाही, पाणी धरून ठेवतो, म्हणून शौचाला मऊ होतं. पाणीच कमी पडलं तर तोच भुसा आत घट्ट होऊन बसतो आणि खडा आणखी वाढतो. म्हणून चहाच्या एका चमच्याला पूर्ण ग्लासभर, म्हणजे साधारण २५० मिली पाणी घ्या. ढवळल्याबरोबर प्या, ठेवलंत तर खीर होते. दिवसभराचं पाणीही कमी करू नका.

कोरडा भुसा तोंडात टाकून वरून घोट घेण्याची सवय मात्र आजच सोडा. तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो, किंवा आतड्यात अडथळा आहे, त्यांनी इसबगोल घेऊच नये. रात्री कोमट दुधातून घेणाऱ्यांनी लगेच आडवं होऊ नये.

दुसरी चूक घाईची. इसबगोलाचा परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. सकाळी पोट साफ झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तीन चमचे घेतले, की गॅस आणि पोटफुगी ठरलेली. एका चमच्याने सुरुवात करा, आठवड्याने गरज वाटली तरच वाढवा.

पाकीट उलटून घटक वाचा. काही चूर्णांत इसबगोलासोबत सोनामुखी ही जुलाबाची वनस्पती असते. ती आतड्याला ढकलून काम करते, त्यामुळे असं चूर्ण रोज घेणं योग्य नाही. मधुमेह असेल तर चवीच्या पुड्यांतली साखरही बघा.

इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. थायरॉईडच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

शौचातून रक्त जाणं, वजन विनाकारण घटणं, पोटात जोराची कळ येऊन उलट्या होणं, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, यांपैकी काहीही असेल तर इसबगोलावर दिवस काढू नका, तपासणी करून घ्या.