सिग सिग स्पुटनिक ऐकायचा असेल तर असा ऐका

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी, हा १९८६ ला गाजलेला लंडनचा बँड. बिली आयडॉलसोबत जनरेशन एक्स या पंक बँडमध्ये बास वाजवणाऱ्या टोनी जेम्सने काढलेला, आणि पोरं निवडताना वाजवता येतं का याच्या आधी दिसतात कशी हे बघितलेलं. गायक मार्टिन डेगव्हिल तर मूळचा कपडेवाला. पेपरात चाळीस लाख पौंडांच्या कराराच्या बातम्या, खरा आकडा बराच कमी, म्हणजे बडा घर पोकळ वासा, पण ते मुद्दामच.

तर आधी व्हिडिओ लावू नका!! ते उभे रंगीत केस, तोंडावर जाळी वगैरे एकदा बघितलं की कान बंद होतात. हेडफोन घालून 'लव्ह मिसाइल एफ१-११' नुसतं ऐका, खाली एकच सिंथ बास (सिंथेसायझरवर वाजवलेला) धडधडत राहतो, वर निल एक्सची गिटार जी सरळ पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची आहे, मधेमधे सिनेमातले डायलॉग आणि सगळ्यावर एको. प्रोड्यूसर जॉर्जियो मोरोडर, डोना समरच्या 'आय फील लव्ह'वाला, त्यातही असाच सिंथ बास, त्यामुळे तो बास कुठून आला ते कळतंच. मग व्हिडिओ बघा, आता मजा येईल.

नंतर 'फ्लॉन्ट इट' अल्बम, शफल बंद करून. गाण्यांच्या मधे जाहिराती आहेत, त्या पळवू नका, केसांच्या जेलची खरी आहे, काही यांनीच केलेल्या टवाळीच्या आहेत. आपण विविध भारतीवर वाढलेले, आपल्याला काय त्याचं, पण विकत घेतलेल्या रेकॉर्डवर जाहिरात म्हणजे तिकडे बोंब झाली होती.

आता 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी बॉय' लावा. परत तोच बास, तोच एको… लोकांनाही तसंच वाटलं असणार, कारण पहिलं ब्रिटनमध्ये ३ नंबरला गेलेलं, हे २० वरच अडकलं. १९८८ ला स्टॉक एटकेन वॉटरमन या हिट गाणी काढणाऱ्या प्रोड्यूसर त्रिकुटाकडून 'सक्सेस' हे गाणं करून घेतलं, ते ३१, नाव बघा आणि नंबर बघा 😄 आणि १९८९ ला दुकान बंद. 'सक्सेस' एकदा ऐकलंत तरी पुरे.

शेवटी डेव्हिड बोवीने २००३ मध्ये केलेलं 'लव्ह मिसाइल' ऐका. ना जाळी ना केस, तरी गाणं उभं राहतं. मी मात्र दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मूळचंच लावलं.