पुराची तयारी: गावपातळीवरच्या या चुका टाळा

मे महिना आला की गेल्या वर्षीचा आपत्ती आराखडा काढायचा, साल बदलायचं आणि पंचायत समितीत देऊन टाकायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-शिरोळच्या नदीकाठावर नोकरी करताना हे मी दरवर्षी बघतो. नव्या ग्रामसेवकांना वाटतं, काम उरकलं. मला राग येतो, कारण पाणी चढल्यावर गाव त्याच कागदावर विसंबतं.

सगळ्यात मोठी चूक जनावरांची. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या आराखड्यात जनावरांचा आकडा होता, त्यांना न्यायची जागा नव्हती. रात्री एका गोठ्याशी बोट लावली, तर आजी कमरेएवढ्या पाण्यात दावणीपाशी उभ्या, हात गाभण म्हशीच्या पाठीवर. "भाऊसाहेब, तुमी जावा. हिला सोडून मी न्हाई येत." पाऊण तास समजावलं. शेवटी विळ्यानं दावं कापलं, कासरा बोटीला बांधला, म्हैस पोहत मागं निघाली तेव्हा कुठं आजी चढल्या. तेवढा वेळ पलीकडच्या गल्लीतली माणसं माळ्यावर बसून आमची वाट बघत होती. आजींचं काही चुकलं नव्हतं, त्यांचं घर त्या दुधावर चालतं. आराखडा मी केला होता, चूक माझी होती.

तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 35 फुटांवर गेलं की मी आधी जनावरं हलवतो. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पण 39 ची वाट बघत बसलं तर आमच्याकडं ट्रॅक्टरचा रस्ताच पाण्याखाली जातो. उंचावरची जागा आणि वाळली वैरण जूनमध्येच ठरवून ठेवतो. शिंगावर ऑइलपेंटनं घर नंबर घालतो, म्हणजे परतताना भांडणं होत नाहीत. म्हशी गेल्या की माणसं फार न सांगता निघतात.

दुसरी चूक भिंतीवरच्या 2005 च्या पुराच्या रेघेची. "त्या साली उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं" म्हणून लोक थांबतात, आणि सरपंचही मान डोलावतात. 2019 आणि 2021 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. भिंतीवरची रेघ बघू नका, वरच्या राधानगरी धरणाकडं लक्ष ठेवा. तिथले सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपसूक उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटतं. पहिला दरवाजा उघडल्याचा निरोप आला की मी देवळाच्या भोंग्यावरून पुकारतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

बोटीचं इंजिन मेमध्ये नदीत उतरवून अर्धा तास चालवा. झाकण उघडून बघितलं म्हणजे तपासणी होत नाही. किती माणसं बसवायची तो आकडा बोटीवर रंगवा, त्याच्यापेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नका. 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसं बसली आणि बोट उलटली.

पुरात नळाचं पाणी उपसणारी केंद्रं बुडतात आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडतात. पाणी चढायच्या आधी टाक्या भरून घ्या, पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लिचिंग) पावडर कोरड्या खोलीत, माळ्यावर ठेवा.