सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला पाहुणे म्हणून जाताय? या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेलेल्या मराठी पाहुण्याला हिब्रू येत नसणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. त्याची गडबड होते ती परकेपणा न वाटल्यामुळे. शेजारच्या बाकावरचे बेने इस्राएली (म्हणजे कोकणातले मराठी ज्यू) काका अस्सल कोकणी ढंगात मराठी बोलतात, त्यांचं आडनाव पेणकर नाहीतर दिवेकर असतं, आणि मग आपले हात नकळत देवळातल्या सवयींकडे वळतात.

न कळवता जाणं

नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून सुरक्षा कडक आहे. त्यामुळे काही दिवस आधी विश्वस्तांशी किंवा कार्यालयाशी बोला, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोठी बॅग घरीच राहू द्या. शुक्रवारी संध्याकाळी फोन लावत बसू नका. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर संपतो. त्या वेळात फोन उचलला जाणार नाही.

नुसती वास्तू पाहायची असेल, म्हणजे फोर्टातलं 1884 चं केनेसेथ एलियाहू किंवा पुण्याचं लाल देऊळ (1867 चं ओहेल डेव्हिड), तर इतर वारी परवानगी काढून जा. प्रार्थना चालू असताना छताकडे बघत फिरणारा पाहुणा कुणालाच नको असतो.

उघडं डोकं, काढलेल्या चपला

पुरुषांनी डोकं झाकायचं. दाराशी टोप्या ठेवलेल्या असतात. नसतील तर रुमालही चालतो. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पादत्राणं मात्र मुंबई-पुण्यात सहसा काढत नाहीत. कोचीनच्या परदेसी सिनेगॉगमध्ये काढावी लागतात, म्हणून दाराशी एकदा बघून घ्या. झालरीची शाल, म्हणजे तल्लित, ज्यू पुरुषांसाठी असते. कुणी कौतुकाने पुढे केली तरी नम्रपणे नको म्हणा.

स्त्री-पुरुष बहुतेक ठिकाणी वेगळे बसतात, बायका अनेकदा वरच्या सज्जात. जोडीने गेलात तर बाहेर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, कारण आत फोन करता येणार नाही.

फोन सायलेंटवर ठेवणं

सायलेंट पुरत नाही, बंदच करा. शब्बाथला फोन, फोटो, लिहिणं, पैशांचा व्यवहार सगळंच वर्ज्य. वहीत टिपणं काढणारा अभ्यासूही त्यातच आला. दानपेटीत नोट टाकायचा मोह आवरा. देणगी द्यायचीच तर रविवारनंतर कार्यालयात द्या. निघताना फाटकातच उभं राहून रिक्षा बुक करू नका, कोपऱ्यापर्यंत चालत जा.

दहावा माणूस समजला जाणं

याचा विचार पाहुणे सहसा करतच नाहीत. सामुदायिक प्रार्थनेचे काही भाग म्हणायला दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, त्यामुळे लहान गावातच काय, शहरातही कधीकधी नऊ जण दाराकडे डोळे लावून बसलेले असतात. अशा वेळी टोपी घातलेला, रोहेकर नाहीतर नवगावकर आडनावाचा माणूस आत आला, तर त्याला मोजलं जाणं अगदी साहजिक आहे. म्हणून कुणी विचारण्याआधीच सांगा, "मी ज्यू नाही, पाहुणा आहे." संकोचाने गप्प राहिलात तर त्यांची प्रार्थना नियमाप्रमाणे होणार नाही. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचण्यासाठी पुढे बोलावलं, तरी हेच उत्तर द्या.

हरवलं की घाबरणं

प्रार्थनेचं पुस्तक उजवीकडून उघडतं आणि पानं पटकन मागे पडतात. पान शोधण्यासाठी शेजाऱ्याला सारखं टोचू नका. सगळे उठले की उठा, बसले की बसा. मध्येच सगळे पाय जुळवून उभे राहून पुटपुटू लागतील. ती अमिदा, उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना. त्या वेळी कुणाच्याही पुढून जाऊ नका, बोलू नका.

हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट, उघडं असताना बाहेर पडू नका. गुंडाळी बाकांमधून फिरवली जाते तेव्हा लोक हात लावून चुंबन घेतात. पाहुण्याने तिच्याकडे तोंड करून नुसतं उभं राहावं, हे पुरे. हात जोडावेसे वाटतील, पण साष्टांग नमस्कार आणि प्रदक्षिणा नकोत. पुस्तक जमिनीवर ठेवणं मात्र खरंच खटकतं.

किद्दुशला घाई

प्रार्थनेनंतर किद्दुशसाठी, म्हणजे प्याल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, प्याले भरले जातात. बेने इस्राएलींकडे बऱ्याचदा काळ्या मनुकांचं सरबत असतं. आशीर्वाद म्हणून होईपर्यंत ओठाला लावू नका. द्राक्षाची वाईन असेल तर बाटली उचलून वाढायला जाऊ नका. परक्याच्या हाताने ओतलेली वाईन काही जण पीत नाहीत. पेढ्याचा बॉक्सही नेऊ नका, बाहेरचा पदार्थ कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारा, ठरत नाही.

पावाआधी लोक हात धुतात आणि पाव खाईपर्यंत बोलत नाहीत. त्या दोन मिनिटांत काकांनी तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर ते रागावलेले नसतात. पाव खाल्ला की भरपूर बोलतील. तेव्हा "तुम्ही इस्रायलला का नाही गेलात?" याऐवजी गावाचं, मलिद्याचं (त्यांच्या गोड पोह्यांच्या नैवेद्याचं) विचारा.

पहिली भेट योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, ठरवू नका. लोक दिवसभर उपाशी असतात, जागा भरलेली असते आणि कुणालाही तुम्हाला काही समजावून सांगायला सवड नसते. साधा शुक्रवार बरा.