सिरो सर्व्हेच्या प्रबंधात मी जिथं आपटलो

पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीत एक आजी दंड पुढं करत म्हणाल्या, “बाळा, मला कवा कायबी झालं न्हाई, माझं रगात कशाला?” सिरो सर्व्हे म्हणजे किती जणांच्या रक्तात लागण होऊन गेल्याची खूण, म्हणजे अँटीबॉडी, सापडते ते बघणं. त्याला अशा माणसांचंच रक्त हवं असतं. म्हणून दवाखान्यातले उरलेले नमुने वापरून सर्व्हे उरकू नका. कुणी कितीही सुचवू दे.

संमतीपत्र, क्लस्टर (नमुन्यासाठी निवडलेल्या वाड्या-वस्त्या), आईसबॉक्स तुम्हाला येतंच. मी आपटलो ते नंतर. एलायझा (अँटीबॉडी शोधणारी चाचणी) प्लेटमधले पॉझिटिव्ह मोजले, एकूण नमुन्यांनी भागलं, शंभरनं गुणलं, लिहून टाकलं. मार्गदर्शकांनी न वाचता सही केली. लॅबमधल्या ताईंनी मात्र किटमधला कागद उलगडून एका ओळीवर बोट ठेवलं, “स्पेसिफिसिटी बघितलीस काय?” म्हणजे लागण न झालेल्या शंभरांतल्या किती जणांना किट बरोबर निगेटिव्ह दाखवतं, तो आकडा. पोटात गोळा आला. माझ्या मते मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा किटचा कागद वाचणारं माणूस शोधावं.

हिशेब सावकाश बघा. समजा ५०० नमुने, स्पेसिफिसिटी ९८ टक्के, सेन्सिटिव्हिटी (लागण झालेल्या शंभरांतले किती जण किट पकडतं) ९०. पॉझिटिव्ह आले १५, म्हणजे ३ टक्के. पण लागण न झालेल्या शंभरांतले दोन हे किट उगीच पॉझिटिव्ह दाखवतं. पाचशेत झाले जवळपास दहा. म्हणजे पंधरातले दहा खोटे! किटच्या चुका धरून खरं प्रमाण काढणारं १९७८ चं रोगन-ग्लॅडन सूत्र लावा: (०.०३ + ०.९८ − १) ÷ (०.९० + ०.९८ − १). उत्तर सुमारे १.१ टक्के. तुम्ही लिहिलेलं जवळजवळ तिप्पट.

लागण कमी असते तेव्हाच हे गळ्याशी येतं. मे-जून २०२० च्या कोविडच्या पहिल्या राष्ट्रीय सर्व्हेत आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २८,००० प्रौढ तपासले, कोविड कवच या एलायझा किटवर पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या किटवर पुन्हा लावले, आणि मग सुधारित आकडा दिला ०.७३ टक्के. (महाराष्ट्रातल्या निवडलेल्या सहा जिल्ह्यांत शेजारची सांगली होती, आपलं कोल्हापूर नव्हतं.) जून-जुलै २०२१ ला प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेलं. तिथं लागण न झालेलेच कमी, म्हणून आपलं ९८ टक्केवालं किट लावलं तरी पाचशेत खोटे तीनेकच.

सेन्सिटिव्हिटीचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. तो बऱ्याचदा ॲडमिट झालेल्या रुग्णांच्या सीरमवर काढलेला असतो. सौम्य आजारात अँटीबॉडी कमी बनतात, पुढं ओसरतातही.

घाबरू नका. नमुने वाया जात नाहीत, फक्त गणित पुन्हा मांडायचं. मी रिझल्टचं अख्खं प्रकरण परत लिहिलं, डिग्री बुडाली नाही. सूत्राचं उत्तर शून्याच्या खाली गेलं तरी आकडा दाबू नका, लॅबमध्ये जाऊन तो कागद मागा.