अलिंद म्हणजे ओसरी

फळ्यावर हृदयाची आकृती काढली की दरवर्षी तेच व्हायचं. मुलं अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आणि निलय (खालचा कप्पा) हे शब्द वहीत नीट उतरवायची आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करून ठेवायची. मीही लाल रेघ मारून पुढे जायचे. नोकरीला बारा-तेरा वर्षं झाल्यावर एकदा संस्कृत शब्दकोश उघडला तर अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे घर! पाहुणा आधी ओसरीवर टेकतो, मग आत येतो. रक्तही तसंच: शरीरातून आलेलं उजव्या ओसरीवर, फुप्फुसांतून आलेलं डाव्या ओसरीवर, आणि तिथून खाली घरात. दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच सांगितलं. त्या वर्षीच्या पेपरांत अदलाबदल जवळजवळ दिसलीच नाही.

तेव्हापासून माझी एकच पद्धत आहे. जीवशास्त्राचा शब्द समोर आला की पाठ करायला बसायचं नाही. पेन्सिल घ्यायची आणि त्यात उभी रेघ मारून त्याचे दोन भाग करायचे. संधि, पाद: पायांना सांधे असलेले. खेकडा, झुरळ, कोळी, गोम सगळे यात आले. मृदु, काय: मऊ अंगाची गोगलगाय. कंटक, चर्मी: कातडीवर काटे, म्हणजे तारामासा. तंतुकणिका (पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग, इंग्रजीत मायटोकाँड्रिया) हा शब्द तर मला फार आवडतो. मायटोकाँड्रिया या नावातल्या ग्रीक शब्दांचा अर्थही धागा आणि कण असाच आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तो अर्थ शोधावा लागतो, आपल्याला तो नावातच मिळतो.

रेघ मारून झाली की वस्तू हातात घ्या. फुलाच्या भागांसाठी जास्वंदीसारखं फूल नाही. बाहेरून आत या. हिरवा पेला तो निदलपुंज, लाल पाच पाकळ्या तो दलपुंज. मधून दांडी बाहेर येते, तिच्यावर पिवळे परागकोश चिकटलेले असतात; ही नळी पुंकेसरांची, म्हणजे पुमंग. आता ब्लेडनं ती नळी उभी चिरा (लहान मुलांना मोठ्यांनी चिरून द्यावी). आत एक पांढरट दोरा दिसेल, तो कुक्षीवृंत. त्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके आहेत त्या कुक्षी, आणि तळाशी अंडाशय. हे सगळं मिळून जायांग. जाया म्हणजे पत्नी, हे कळलं की पुमंग आणि जायांग पुन्हा चुकत नाहीत. अंडाशय आडवा कापला तर पाच कप्पे मोजता येतात.

पण इथंच एक शब्द फसवतो. कुक्षीवरूनच आपला 'कूस' आला, त्यामुळे मुलांना वाटतं बी तिथंच वाढतं. तसं नाही. कुक्षीवर पराग फक्त येऊन चिकटतो. बी वाढतं खाली अंडाशयात. रेघ मारून निघालेला अर्थ वस्तूशी ताडून पाहायचा तो यासाठीच.

फसवणाऱ्या शब्दांसाठी वहीची शेवटची पानं राखून ठेवा. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत हमखास असायचे ते सांगते. देवमासा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. तारामासाही मासा नाही. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं, पण पेशीत अन्नापासून ऊर्जा मोकळी होते तेही श्वसनच. वर्तमानपत्रात 'नवी प्रजाती सापडली' असं छापतात. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र प्रजाती ही वर्गीकरणातली वरची पायरी आणि जाती खालची. आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. त्यात मँजिफेरा ही प्रजाती, आणि दोन्ही शब्द मिळून जातीचं नाव. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1753 साली वनस्पतींना अशी दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रूढ केली.

हल्ली मुलं हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करतात, त्यातून नवा घोळ होतो. हिंदीत कोशिका म्हणतात ती आपली पेशी, आणि हिंदीतली मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. शिवाय आपली केशिका वेगळीच: केसासारखी बारीक रक्तवाहिनी. हे पाच शब्द एका पानावर शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकापुढे छोटं चित्र काढा.

दिवसाला पाच शब्द पुरे. विकरासारखा (इंग्रजीत एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारा पदार्थ) एखादा रेघ मारूनही उलगडत नाही, तो सरळ उदाहरणासकट लिहून ठेवा: लाळेतलं अमायलेज, भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ते त्याच्यामुळे. आणि जास्वंद सकाळीच तोडून कापायला घ्या, संध्याकाळपर्यंत ती मिटून जाते.