जुन्या पात्यापासून आखणीची सुरी

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चौकशी केल्यास पॉवर हॅकसॉचे, म्हणजे धातू कापणाऱ्या यांत्रिक करवतीचे, झिजलेले, सुमारे 2 मिलिमीटर जाडीचे पाते बहुधा मिळून जाते, आणि आखणीच्या सुरीसाठी, म्हणजे लाकडावर पेन्सिलीऐवजी रेघ कापण्याच्या सुरीसाठी, याहून चांगले पोलाद शोधत बसण्याची गरज नाही. संपूर्ण पाते हायस्पीड स्टीलचे (तापूनही कठीण राहणाऱ्या पोलादाचे) असेल, तर ग्राइंडरवर किंचित निळे पडले तरी त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरत नाही. जुन्या कानशीपासून सुरी करताना मात्र ती वरचेवर पाण्यात बुडवावी लागते. पाते ठिसूळ असल्याने ते हाताने न मोडता कटिंग व्हीलने कापावे आणि चष्मा लावावा.

टोक तिरके कापून धारेचा उतार एकाच बाजूला, साधारण 25 ते 30 अंशांचा ठेवावा. खरी मेहनत आहे ती दुसऱ्या बाजूची: ती निसण्यावर घासून अगदी सपाट केली, तरच सुरी गुण्याला (काटकोन आखायच्या साधनाला) चिकटून सरकते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उतार उजवीकडे ठेवावा. मुठीला सागाचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवले की पुरे. आखताना पहिला हात हलकाच फिरवावा. आडवे तंतू स्वच्छ कापले गेले की पटाशीचे टोक त्या खाचेत आपोआप बसते, जे पेन्सिलीच्या रेघेवर होत नाही.