व्यसन सोडल्यावर जेवणाची घडी कशी बसवावी

काय खायचं हे नंतर बघू. आधी कधी खायचं ते ठरवा. नशेच्या दिवसांत भूक लागलेली कळेनाशी होते. मग संध्याकाळी चिडचिड होते, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि माणूस म्हणतो, तलफ आली. पुष्कळदा ती नुसती भूक असते.

म्हणून आठवडाभर एका वहीत तीनच गोष्टी लिहा: वेळ, काय खाल्लं, तलफ कधी आली. ‘१२ वाजता चहा आणि दोन बिस्किटं, ७ वाजता जोरदार तलफ’ अशी नोंद सापडली की मधले सात तास रिकामे गेले हे डोळ्यांनी दिसतं. दर तीन-चार तासांनी थोडं खा, भूक असो वा नसो. तलफ आली तर आधी खा, पाणी प्या, वीस मिनिटं थांबा.

मात्र दारू सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत हात थरथरले, घाम फुटला किंवा भास झाले तर ती भूक समजू नका. डॉक्टरांकडे जा.

दारूतल्या अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, पण पोषण जवळपास शून्य. त्यातून बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. तो संपला की चालताना तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, बोलणं असंबद्ध होतं. असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इथे इंजेक्शन लागतं, घरच्या गोळ्यांवर भागत नाही.

माणूस परतला की घरच्यांना ताट भरभरून वाढावंसं वाटतं. पाच-सहा दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला तसं वाढू नका. एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारून थोड्यापासून सुरुवात करा.

पुढे प्रत्येक खाण्यात प्रथिनं असू द्या: अंडं, डाळ, दही, मासे, जे पचेल ते. गोडाची ओढ वाढतेच. पहिल्या महिन्यात तिच्याशी भांडत बसू नका, फक्त गोड रिकाम्या पोटी नको. अफूजन्य पदार्थांनी बद्धकोष्ठ झालं असेल तर भाज्या-फळं हळूहळू वाढवा, सोबत पाणीही. दुपारनंतर कॉफी टाळा, झोप आधीच नाजूक असते.

डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध, ते चालू असताना अल्कोहोल पोटात गेलं की त्रास होतो) चालू असेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. त्यातही अल्कोहोल असू शकतं.